फळ्यावरचा महिना

चोपड्यात, एसटी स्टँडच्या उजव्या हाताला,
झेरॉक्स आणि मोबाईल-रिपेअरच्या मधे
अंग चोरून बसलेलं आमचं दुकान.
जूनमध्ये वह्या-गाईडांवर वर्षाचं भाडं निघतं,
उरलेले महिने भिरूडकाका
कवितेच्या पुस्तकांवरची धूळ पुसतात.

बाहेर फळा आहे,
कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला.
कोपऱ्यात अजून रंगवलेलं दिसतं: मुलगे, मुली, एकूण.
त्याखाली दर एक तारखेला मी लिहिते,
खडू पाण्यात बुडवून,
म्हणजे वाळल्यावर अक्षर उन्हालाही दबत नाही.

रविवार सात. लेखकाशी गप्पा.

मागच्या खेपेचे लेखक विहिरींवर लिहिणारे होते.
अमळनेरला उतरले, तिथून एसटी चुकली,
मग केळीच्या ट्रकमध्ये, घडांना टेकून आले.
सदऱ्यावर चीक. तो डाग जन्मात जात नाही,
हे त्यांना सांगावं की नाही यावर
आम्ही चहा होईपर्यंत कुजबुजत होतो.
ऐकायला पाच माणसं. त्यातला एक
यावलच्या गाडीची वाट पाहत सावलीला आलेला.
त्याची गाडी आली, गेली.
तो विचारत राहिला, पायऱ्यांच्या विहिरीत
सगळ्यात खालच्या पायरीला काय म्हणतात?
लेखकाला माहीत नव्हतं. वहीत लिहून घेतलं त्यांनी.
जाताना आपलंच पुस्तक त्याला दिलं,
आणि काकांनी गल्ल्यातून गुपचूप
त्याचे पैसे भरले.

शनिवार तेरा. सनईसारखी, पण सनई नव्हे.

हे वाक्य युनूस पिंजारींचंच.
चाळीस वर्षं वरातीपुढे क्लॅरिनेट,
मागे घोडा, बाजूला बत्तीवाले.
काकांनी मंडपवाल्याकडून वीस खुर्च्या सांगितल्या,
एक त्यांच्यासाठी, गादीची.
ते म्हणाले, बसून वाजवू? मग पाय काय करतील?
तालमीला आले तेव्हा
शब्दकोशांपासून बालकथांपर्यंत
सात पावलं जात, सात पावलं येत वाजवलं.
मी वाट मोकळी ठेवली आहे.
खुर्च्या आता चौदाच बसतात.

रविवार एकवीस. कार्यशाळा: अहिराणीत लिहू या.
शिकवायला शिरपूरच्या प्रमिला देवरे.
वही-पेन आपापलं. चहा दुकानाचा.
प्रवेश विनामूल्य.

एवढं लिहून खाली उतरले
तर मागे केवळबाई, मेथीची टोपली कडेवर.
रोज आमच्याच पायरीशी बसते,
आमच्याच रद्दीत जुड्या बांधते.
आखरनं काय लिखं? तिनं विचारलं.
विनामूल्य, म्हटलं. म्हणजे फुकट.
फुकट शे? मंग फुकट लिख ना.

मी पुसलं. फुकट लिहिलं.
ओल्या फळ्यावर आधीचा शब्द
दुपारपर्यंत खालून दिसत होता.

मग ती म्हणाली, माले लिखता येस नही.
नुसती बसू का?
बस की, म्हटलं. बस.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला आले
तर फळ्यावर, पटसंख्येच्या शेजारी,
माझं नसलेलं अक्षर. केवळबाईच्या नातीचं असावं,
तिसरीतलं, रेघ सोडून चढावर गेलेलं:

शनिवार सत्तावीस. आजी बोलनार.
विषय: भाव.

ण नाही, वेळ नाही.
काका चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ त्या शेवटच्या शब्दासमोर उभे राहिले,
त्यांच्या हातात फडकं होतंच.
म्हणाले, बाजार उठतो किती वाजता,
तेवढं विचार तिला.
आणि आत जाऊन
त्याच फडक्यानं कवितेचा कप्पा पुसू लागले.